डेरिकच्या मनात काही नव्हतं

सॉल्टबी या समुद्रकाठच्या इंग्रजी गावात माफी मागायची रीत जरा उलटी आहे. ज्याचा पाय तुडवला जातो तो आधी ‘सॉरी’ म्हणतो, आणि तुडवणारा मोठ्या मनानं ‘काही हरकत नाही’ म्हणून पुढे जातो. जमेच्या जागी खर्च मांडायचा हा प्रकार, पण गावाचं पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच भागलं आहे. मारामारी म्हणून कुणी पाहिलेली नाही. घराघरात काय साचून राहिलं आहे त्याची मोजदाद कुणी केलेली नाही, ती गोष्ट वेगळी.

या विद्येत मार्टिन ओल्डरॉइडचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. नगरपालिकेच्या तक्रारीच्या खिडकीवर तो बसायचा. कचऱ्याची गाडी आली नाही, रस्त्यावरचा दिवा गेला, शेजाऱ्याच्या झाडानं ऊन अडवलं, समुद्रपक्ष्यानं हातातले बटाट्याचे काप पळवले, काहीही असो, मार्टिन आधी सॉरी म्हणायचा. माणूस जाताना थँक्यू म्हणून जायचा. काम झालेलं नसायचंच, पण माणूस निवलेला असायचा. शेजारच्या खिडकीवरची पॉलीन एकदा त्याला म्हणाली, “तुला कुणी बुडवलं ना, तर तू पाण्याची माफी मागशील.”

“सॉरी,” मार्टिन म्हणाला.

त्याची बायको हेदर मात्र मच्छीमारांच्या घरातली. तिकडे बोट किनाऱ्याला लावताना ओरडल्याशिवाय भागत नाही, आणि ओरडणाऱ्याला कुणी असभ्य म्हणत नाही. लग्नाआधी तिला मार्टिनचं हे मऊ बोलणं फार आवडलं होतं. बापाच्या घरी आरडाओरडा ऐकून कान किटलेल्या मुलीला असला नवरा म्हणजे बंद खिडकीची खोली मिळाल्यासारखा वाटला. खोलीत हवा पुरेल की नाही, हे तेव्हा कोण बघतं?

मग जुळं झालं, दिवस भरायच्या फार आधी. मुलगा आणि मुलगी. मुठीत मावतील अशी पोरं काचेच्या पेट्यांत ठेवली होती. मुलाला, आर्थरला, कसलासा संसर्ग झाला. कुठून झाला, कुणाच्या हातून झाला, ते कुणी सांगू शकलं नाही. डॉक्टर बाहेर आले, खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, “आम्हाला फार वाईट वाटतं.” त्यावर मार्टिन म्हणाला, “काही हरकत नाही, डॉक्टर. तुम्ही होईल तेवढं केलंत.”

हेदर शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पण असल्या रकमा बोलून दाखवल्या नाहीत म्हणून बुडीत जात नाहीत.

मेबल जगली. आश्विन सरता सरता, म्हणजे तिकडच्या ऑक्टोबरात, ती घरी आली तेव्हा तिच्या फुप्फुसांबद्दल इतक्या सूचना मिळाल्या होत्या की घर म्हणजे इस्पितळाचीच एक शाखा झालं. दारात हात धुवायचे. सर्दी झालेल्यानं फाटकातूनच परत जायचं. हेदरच्या सख्ख्या बहिणीला, ग्वेनला, नुसत्या शिंकेपायी तिच्या घरी, हल शहरात, परत पाठवलं होतं. ग्वेन मुळीच रागावली नाही. तीही मच्छीमाराचीच मुलगी.

सॉल्टबीच्या वाळूवर मे ते सप्टेंबर कुत्र्यांना बंदी असते. ऑक्टोबर उजाडला की पाहुणे आपापल्या गावी परततात आणि किनारा पुन्हा कुत्र्यांच्या नावावर चढतो. या गावात कुत्र्यांना माणसांची नावं देतात आणि पोरांना पणज्यांची, त्यामुळे वाऱ्यावर हाका आल्या की कोण कुणाला बोलावतंय ते सांगणं कठीण. कुत्रा अंगावर आला तर मालक लांबूनच ओरडतो, “काही करत नाही तो.” एवढं म्हटलं की त्याचं कर्तव्य संपलं. पुढचं कर्तव्य ज्याच्या अंगावर कुत्रा आला त्याचं.

त्या शनिवारी मेबलला पहिल्यांदाच किनाऱ्याच्या रस्त्यावर आणलं होतं. बाबागाडीवर पावसाचा प्लास्टिकचा पडदा चारी बाजूंनी ओढलेला. हेदर समोरच्या औषधाच्या दुकानात मेबलचे लोहाचे थेंब आणायला गेली. जाताना म्हणाली, “पडदा उघडू नकोस.”

“नाही उघडणार,” मार्टिन म्हणाला, आणि त्याच्या मनातही तसं काही नव्हतं.

जवळच्या बाकावरून एक म्हातारा उठून आला. सपाट टोपी, कोपरांना कातड्याची ठिगळं असलेला कोट, आणि एक जाडजूड पिवळट लॅब्रडॉर. म्हाताऱ्याशी मार्टिनची तोंडओळखही नव्हती. कुत्र्याला मात्र तो ओळखत होता, सगळं गावच ओळखत होतं. त्याचं नाव डेरिक.

“नवीन दिसतंय,” म्हातारा पडद्यातून डोकावत म्हणाला. “मुलगी?”

“हो. सॉरी, पडद्यातून नीट दिसत नाही.”

“नाव काय ठेवलं?”

“मेबल.”

“आमची पहिली कुत्री मेबल. फार गुणी. घरात कधी एकदासुद्धा केलं नाही तिनं.”

“थँक्यू,” मार्टिन म्हणाला.

म्हाताऱ्यानं डेरिकचा पट्टा मनगटात अडकवला आणि कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. मार्टिनला लगेच कळलं. त्या बाजूला नव्या बाळाच्या मुठीत चांदी ठेवायची रीत आहे. ओळख असो नसो, वाटेत बाळ भेटलं की म्हातारी माणसं नाणं काढतात. बाळानं मूठ मिटली तर ते पुढे पैसा राखील, सोडली तर उधळील. ही चांदी नको म्हणणं म्हणजे बाळाच्या नशिबालाच नको म्हणणं. आजवर सॉल्टबीत कुणी तसं म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि पहिला मान घ्यायला मार्टिन काही जन्मला नव्हता.

त्यानं पडदा उघडला.

नाणं मेबलच्या तळहातावर टेकलं आणि तिनं मूठ गच्च मिटली. म्हातारा खूश होऊन हसला. तेवढ्यात डेरिकनं पुढचे दोन्ही पाय गाडीच्या कडेवर ठेवले आणि मान आत घातली. आधी हनुवटी, मग तोंड, मग नाक, असा एकच लांब ओला फराटा त्यानं मेबलच्या चेहऱ्यावर ओढला. मेबल रडली नाही. उलट तिनंही जीभ बाहेर काढली.

मार्टिनचा हात उठला, गाडीच्या दांड्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. डेरिक दुसरा फराटा ओढत होता.

“अरेरे, डेरिक,” म्हातारा लाडानं म्हणाला.

“काही हरकत नाही,” मार्टिन म्हणाला. आणि वर हसला.

हेदर रस्ता ओलांडत होती. तिनं पाहिलं ते एवढंच, की गाडीत कुत्र्याचं डोकं आहे आणि शेजारी नवरा हसतो आहे. थेंबांची बाटली रस्त्यातच पडली. तिनं डेरिकच्या गळपट्ट्याला धरून त्याला असं मागे खेचलं की तो मागच्या पायांवर बसलाच.

“अगं पोरी, हळू,” म्हातारा म्हणाला. “काही करत नाही तो. नुसती ओळख करून घेतोय.”

“मी ओळख मागितली नव्हती.”

“कुत्र्याचं तोंड माणसाच्या तोंडापेक्षा स्वच्छ असतं.”

“कुणी सांगितलं तुम्हाला? त्यानंच?”

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. बाजूच्या बाकांवरची दोनचार माणसं समुद्राकडे अधिक लक्ष देऊन बघू लागली. मग म्हातारा, अगदी खऱ्या मनानं, म्हणाला, “तुझा नवराच म्हणाला, काही हरकत नाही.”

हेदरनं मार्टिनकडे पाहिलं. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले होते तेव्हा तिनं पाहिलं होतं, अगदी तसं. मग तिनं मेबलची मूठ उलगडली, नाणं काढलं आणि कठड्यावरून खाली वाळूत भिरकावून दिलं.

मेबलला पुढे काहीही झालं नाही, हे इथंच सांगून ठेवलेलं बरं. दोन दिवस नाक वाहिलं, तेही बहुधा वाऱ्यानं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, म्हणाल्या, ठणठणीत आहे. पण घरी पोचल्यावर हेदरनं उकळून निववलेल्या पाण्यानं मेबलचं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि कापूस खाली ठेवत विचारलं, “तू खरंच म्हणालास तसं?”

“तोंडातून निघून गेलं.”

“तेव्हाही निघूनच गेलं होतं,” ती म्हणाली. आर्थरचं नाव तिनं घेतलं नाही. घरात ते कुणीच घेत नसे.

गावानं आपल्या परीनं हिशेब केला. कुत्र्यानं बाळाला चाटलं, त्याची किंमत शून्य, कुत्री चाटतातच. विधुर म्हाताऱ्याची चांदी बाईनं वाळूत फेकली, ती रक्कम मात्र मोठी होती आणि ती सगळी हेदरच्या नावावर पडली. खिडकीवर येणारी माणसं दिव्याची तक्रार सांगून झाली की आवाज खाली आणून विचारू लागली, “आणि हेदर कशी आहे?” जणू ती आजारी होती.

पॉलीन म्हणाली, “माझ्या भावाच्या पोराला तर आमची मांजर रोज चाटते.”

“बरं आहे का पोर?”

“पोर बरं आहे. मांजर बारीक झालीय.”

मार्टिन हसला, आणि आपण हसलो याचं त्याला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

हेदर भांडली नाही. भांडली असती तर बरं होतं. आठवडा उलटल्यावर, सोमवारी सकाळी, मार्टिन डबा भरून निघत होता, तेव्हा ती मेबलला खांद्यावर घेऊन दारात आली.

“तो माणूस रोज त्या बाकावर असतो ना?”

“असतो बहुतेक.”

“दुपारच्या सुट्टीत जा. त्याला सांग, बाळाला हात लावायच्या आधी विचारायचं. कुत्र्यानं असो की माणसानं. इतकंच. भांडू नकोस, ओरडू नकोस. पण सांग.”

“मेबल बरी आहे, हेदर. आता कशाला…”

“मेबलसाठी नाही,” ती म्हणाली. “उद्या मी पुन्हा दुकानात जाईन. मागे तिच्याजवळ कोण उभं आहे, ते मला कळायला हवं.”

मार्टिननं ते वाक्य सकाळभर घोकलं. बाळाला हात लावायच्या आधी विचारायचं. खिडकीवर एका बाईला तो चुकून “आधी विचारायचं” असं म्हणाला, आणि लगेच सॉरी म्हणाला.

दुपारी तो बाकाशी पोचला. त्या किनाऱ्यावर प्रत्येक बाकाला कुणा ना कुणा गेलेल्याच्या नावाची पितळी पट्टी असते. मेलेल्यांच्या मांडीवर बसूनच जिवंत माणसं चहा पितात. या बाकावर लिहिलं होतं: ‘जीन गार्बट. हिला इथून समुद्र बघायला फार आवडे.’ म्हातारा थोडा सरकला आणि त्यानं बाकावर थाप मारली. “बस. मी विल्फ. त्या शनिवारचा तूच ना?”

“हो. त्याच्याबद्दलच जरा…”

“आमच्या जीनला समुद्र मुळीच आवडत नसे,” विल्फ पट्टीकडे बोट करून म्हणाला. “वाळू पायाला लागते, म्हणायची. पण पट्टीवर काय लिहिणार? ‘हिला घरी बसायला आवडे’ असं थोडंच लिहिता येतं?”

मार्टिन बसला. घोकलेलं वाक्य तोंडाशी आलेलं होतं.

“ते नाणं तिचं होतं,” विल्फ म्हणाला. “चांदीचा जुना शिलिंग. तिच्या मुठीत तिच्या आजोबांनी ठेवलेला. आमच्या पोराच्या मुठीत ठेवायचा म्हणून तिनं जपून ठेवला होता. पोर झालं नाही. मग तसाच राहिला, कपाटात. त्या दिवशी निघताना खिशात टाकला. म्हटलं, आता कुणाला तरी देऊन टाकावा.”

खाली वाळूत दोन कुत्री एकमेकांमागे धावत होती. डेरिकनं एक उसासा सोडला आणि हनुवटी मार्टिनच्या बुटावर टेकवली. चांगलं जड डोकं होतं त्याचं, आणि ऊबदार.

आता अशा माणसाला काय सांगायचं? हेदरनं सांगितलंच असतं. तीही आधी शिलिंगाबद्दल सॉरी म्हणाली असती, आणि मग सांगितलं असतं. दोन्ही खाती वेगळी आहेत हे तिला कळत होतं. मार्टिनची सगळी खाती आयुष्यभर एकाच वहीत.

“सॉरी,” मार्टिन म्हणाला. आणि एकदा तो शब्द बाहेर पडला तशी त्याच्यामागून बाकीची गाडी आपोआप निघाली. “माझ्या बायकोच्या वतीनं सॉरी. ती तशी नाही. तिचं मन सध्या ठिकाणावर नाही. आमचा एक मुलगा… आर्थर. या मुलीबरोबरचाच.”

मग त्यानं सगळं सांगितलं. काचेची पेटी, तिच्या बाजूच्या गोल भोकांतून आत घालायचा हात, आर्थरनं त्याचं बोट कसं धरलं होतं, ते. आर्थरबद्दल तो जन्मात पहिल्यांदाच कुणाशी बोलत होता, आणि त्याला फार बरं वाटलं. विल्फनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि “कळलं,” म्हणाला. सुट्टी संपली तेव्हा मार्टिनच्या लक्षात आलं की डबा खायचा राहिला. आणखी एक राहिलं होतं, तेही त्याच्या लक्षात आलं. पण तेवढ्यासाठी आता पुन्हा विषय काढणं बरं दिसलं नसतं.

“सांगितलंस?” हेदरनं दारातच विचारलं.

“बोललो,” मार्टिन म्हणाला.

“काय म्हणाले?”

“कळलं, म्हणाले.”

यात एक शब्दही खोटा नव्हता. तक्रारीच्या खिडकीमागे बसणारी माणसं अशीच बोलतात. हेदरनं श्वास सोडला. तिचे खांदे किती वर चढलेले होते, हे ते खाली आल्यावर मार्टिनला दिसलं. त्या संध्याकाळी तिनं मेबलची आंघोळ त्याच्याकडे सोपवली आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन मासा तळायला घेतला. तळता तळता ती गुणगुणत होती. मेबलचं ओलं डोकं हातात धरून मार्टिन ऐकत बसला. हे असंच राहील, असं त्याला वाटलं. सॉल्टबीतल्या माणसांना वाटतंच तसं.

रविवारी दुपारी दारावर थाप पडली. हेदरनं मेबलला घेऊनच दार उघडलं. पायरीवर विल्फ उभा होता, डोक्यावरची टोपी हातात. शेजारी डेरिक, आंघोळ घातलेला.

“आत येत नाही, पोरी,” विल्फ म्हणाला. “एवढंच सांगायला आलो. तुझा नवरा बाकावर येऊन गेला. भला माणूस आहे. त्यानं तुझ्या वतीनं माफी मागितली, सगळं सांगितलं. आर्थरचंही. तुझं मन ठिकाणावर नाही, हे मला कसं ठाऊक असणार? मी मनात काही ठेवलेलं नाही. डेरिकच्या मनात तर काही नव्हतंच.”

आर्थरचं नाव त्या दारात असं, परक्या तोंडून, पहिल्यांदा उच्चारलं गेलं. मार्टिन मागे जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. त्याला हेदरची पाठ तेवढी दिसत होती.

विल्फनं मूठ पुढे केली. “आणि हा सापडला. शेजाऱ्याकडे धातू शोधायचं यंत्र आहे, तीन सकाळी वाळू विंचरली आम्ही. आधी बाटल्यांची झाकणंच निघाली.”

हेदरनं शिलिंग घेतला. “मी तो फेकायला नको होता,” ती म्हणाली. “त्याबद्दल माफ करा, मिस्टर गार्बट.” आणि मग, मार्टिननं कधी ऐकला नव्हता अशा गुळगुळीत आवाजात, “चहा घेऊन जा ना. डेरिकलाही आत आणा.”

तिनं चहा केला. बिस्किटं बशीत मांडली. डेरिकपुढे पाण्याचं भांडं ठेवलं. हवेबद्दल बोलली, वाऱ्याबद्दल बोलली. विल्फनं मेबलकडे हात पसरले तेव्हा तिनं तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आणखी एक बिस्किट पुढे केलं. इतकी छान दुपार त्या घरात बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. मार्टिनला तर हायसं वाटलं. माणसाला कधी हायसं वाटेल याचा काही नेम नाही.

विल्फ गेला. दारापासून खुर्चीपर्यंत डेरिकचे पंजे उमटले होते. मार्टिन फडकं घेऊन ते पुसू लागला. हेदर कप विसळत होती.

“सॉरी, हेदर,” तो खालूनच म्हणाला. “मी सांगणारच होतो. त्यानं ते नाण्याचं काढलं आणि…”

“काही हरकत नाही,” हेदर म्हणाली.

तिनं कप पुसून कपाटात ठेवला. मार्टिन फडकं हातात धरून तसाच गुडघ्यांवर राहिला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. खिडकीवर त्याचा स्वतःचा तोच आवाज असायचा. तो लागला की समोरचं काम मिटलं असं समजायचं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलवायचं.

आठवड्यानं ती मेबलला घेऊन हल शहरात ग्वेनकडे गेली. थोडे दिवस, म्हणाली. मार्टिननं सामान गाडीत ठेवून दिलं, बाबागाडी घडी घालून दिली, पडदा नीट गुंडाळून वर ठेवला. शिलिंग तिनं मेबलच्या झबल्याच्या खिशात घातलेला त्यानं पाहिला. गाडी वळेपर्यंत तो हात हलवत होता.

डिसेंबरात किनाऱ्यावर फार कुणी नसतं. एका दुपारी मार्टिन डबा घेऊन रस्त्यानं चालला होता, तर एक कुरळ्या केसांचं छोटंसं कुत्रं धावत आलं आणि दोन्ही ओले पंजे त्यानं त्याच्या विजारीवर टेकवले. मागून एक तरुण बाई पळत आली. “सॉरी हं. काही करत नाही तो.”

“हरकत आहे,” मार्टिन म्हणाला.

बाई थबकली. “काय?”

“मला हरकत आहे.” त्याचा आवाज चढलेला नव्हता. “हात लावायच्या आधी विचारायचं. कुत्र्यानं असो की माणसानं.”

तिनं त्याच्या विजारीकडे पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्या तोंडाकडे. कुत्र्याला उचलून छातीशी धरलं. “सॉरी,” ती म्हणाली, आणि भराभर चालू लागली.

आणखी काहीतरी बोलायला हवं असं मार्टिनला वाटलं. “थँक्यू,” तो तिच्या पाठीला म्हणाला.

पुढे जीनच्या बाकावर विल्फ बसला होता. त्यानं सगळं पाहिलं असणार, पण तसं दाखवलं नाही. सरकून जागा केली.

“पोर कशी आहे?” त्यानं विचारलं.

“छान असेल,” मार्टिन म्हणाला, आणि त्यानं डबा उघडला. डेरिकनं हनुवटी त्याच्या बुटावर टेकवली.